पियानोची भैरवी

कार्यक्रम ठरला तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, पियानो आणायचा कुठून. उत्तर मिळालं, आणायचाच नाही. पियानो नरपडला चिकूच्या एका वाडीतल्या बंगल्यात होता आणि वाजवणाऱ्या बाईंना तोच हवा होता.

मी डहाणूतल्या एका वाचनालयाच्या कार्यक्रम समितीची सचिव आहे. वर्षाकाठी आमचे सहा-सात कार्यक्रम होतात. सतरंज्या, समई, शाल, नारळ, पाण्याचे जार, चहा, आभार, हे सगळं मला आता झोपेतही लावता येईल. पण पियानो आमच्याकडे कधी झाला नव्हता. एकच माणूस, सोबत तबला नाही, गाणं नाही, मधे बोलणं नाही, आणि दीड तास. लोक येतील का, आले तर बसतील का, आणि मुळात त्या पेटाऱ्यातून आवाज येतो कसा, हे तिन्ही प्रश्न मला सारखेच पडले होते.

बाईंनी स्वतःच फोन केला होता. साठीच्या होत्या. लहानपणी त्यांचे वडील तलासरीला सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. त्या शाळकरी वयात आठवड्यातून एकदा एसटीने डहाणूला यायच्या आणि तिथून रिक्षाने नरपडला. वाडीच्या शेठची मोठी बहीण त्यांना पियानो शिकवायची. ती आता नाही. पुढे बाई मुंबईला गेल्या, चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, गाणाऱ्यांच्या मागे साथीला बसल्या.

“एकटीने पूर्ण कार्यक्रम कधी केला नाही,” त्या म्हणाल्या. “समोर कागद न ठेवता, सगळं पाठ. मार्चमध्ये मुंबईचा एक हॉल घेऊन ठेवलाय. त्याआधी एकदा माणसांसमोर वाजवून बघायचंय.”

“मग डहाणूच का?”

“पियानो ओळखीचा आहे. आणि खरं सांगू? तिथे चुकलं तर कोणाला कळणार नाही.”

यावर रागवावं की हसावं मला कळेना. त्या सरळ पुढे बोलत राहिल्या, “तुमच्याकडे नीट पार पडलं तर मुंबईचा करीन. नाही तर रद्द करणार. माझं ठरलंय.”

इतकं स्वच्छ बोलणारी माणसं मला आवडतात. मी तारीख लिहून घेतली.

पहिली अडचण मांडववाल्याकडून आली. आमचा मांडववाला गुजराती, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलतो आणि माइकशिवाय कार्यक्रम होऊ शकतो यावर त्याचा विश्वास नाही.

“बेन, माइक नको म्हणजे? पाठीमागे बसलेल्याने काय करायचं?”

“ऐकायचं. पियानोचा आवाज मोठा असतो.”

“असतो ते बरोबर. पण माइक नाही तर लोकांना वाटणार, पैसे वाचवले.” मग आवाज खाली आणून, “मी एक आणून ठेवतो. चालू नाय करणार. दिसायला.”

तो माइक शेवटपर्यंत कोपऱ्यात उभा होता, बंद.

दुसरी अडचण पियानोच्या जागेची. तो भिंतीला लावलेला होता, उभा, कपाटासारखा. म्हणजे वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे. आमच्या अध्यक्षांनी मान हलवली. कलाकाराने लोकांकडे पाठ करून बसायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं. उलटा फिरवावा तर बाई त्याच्यामागे दिसणारच नाहीत. शेवटी वाडीतल्या चौघांनी खाली गोणपाट घालून तो तिरपा केला. आता बाईंची एक बाजू दिसत होती आणि, मुख्य म्हणजे, दोन्ही हात. लोकांना हात बघायचे असतात, हे मला पेटीवाल्यांच्या कार्यक्रमांवरून माहीत होतं.

सूर लावणारे गृहस्थ आदल्या दिवशी मुंबईहून येऊन गेले. त्यांनी पुढची फळी काढली तेव्हा मी मुद्दाम जवळ उभी राहिले. इतके दिवस मी पियानो म्हणजे मोठी पेटी, भाता नसलेली, असं समजत होते. आत वेगळंच होतं. तारा होत्या, जाड-बारीक, आणि प्रत्येक पट्टीमागे लोकरीची टोपी घातलेली एक इवलीशी हातोडी. पट्टी दाबली की हातोडी तारेवर टक्कन मारून परत मागे. समुद्राच्या हवेने काही तारा गंजल्या होत्या. ते गृहस्थ म्हणाले, चार दिवस सूर टिकेल, पुढचं सांगता येत नाही. मला चार दिवस पुरेसे होते.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता. बाई सकाळीच आल्या. मी सासूबाईंना बरोबर घेऊन गेले होते, कारण समईच्या वाती त्याच करतात आणि दुसऱ्याने केलेल्या त्यांना चालत नाहीत. आम्ही मसोलीला राहतो. तिथे दर गुरुवारी सासूबाईंचं भजनी मंडळ बसतं, आणि ऐंशीच्या असूनही मंडळ त्याच चालवतात. त्या ओट्यावर कापूस घेऊन बसल्या आणि बाई आत वाजवायला लागल्या.

थोड्याच वेळात वाजवणं थांबलं. “काहीतरी झरझरतंय,” बाई म्हणाल्या. त्यांनी डाव्या हाताची एक खालची पट्टी दाबली. खरंच, सुराच्या मागोमाग खोलीत कुठेतरी बारीक झर्र असा आवाज आला.

“कुठलीतरी वस्तू ह्या सुराला हलते,” बाई म्हणाल्या. “ती शोधायला हवी.”

त्या तीच पट्टी दाबत राहिल्या आणि शेठ, मी आणि वाडीतली एक बाई, आम्ही खोलीभर हात लावत हिंडलो. खिडक्यांच्या काचा वाजत नव्हत्या. भिंतीवरचे फोटोही नाही. छताला टांगलेली काचेची हंडी शेठनी स्टुलावर चढून दोन्ही हातांनी धरली, ती पण नाही. शेठ ऐंशीच्या घरातले, स्टूल डगमगणारं, खाली मी त्यांचं धोतर नाही पण लेंगा धरून उभी.

“हे भूत माझ्या बहिणीचं असणार,” शेठ वरून म्हणाले. “तिला चुकीचं वाजवलेलं खपत नव्हतं.”

“मी चुकीचं वाजवत नाहीये,” बाई म्हणाल्या, पण हसल्या.

शेवटी मी शेजारच्या खोलीत गेले तर आवाज वाढला. तिथे टेबलावर मीच आणून ठेवलेल्या चहाच्या कपबश्या होत्या, एकावर एक रचलेल्या. सगळ्या मिळून थरथरत होत्या. मी मधे फडकी घातली आणि झरझर बंद झाली. एक सूर दुसऱ्या खोलीतल्या कपबश्यांना कसा ओळखतो, याचा विचार मी नंतर बरेच दिवस केला.

मग बाईंनी कार्यक्रमातली शेवटची चीज वाजवली. छोटी होती, पाचएक मिनिटांची. त्यांनी ती परत वाजवली. आणि परत. मी विचारलं, “हीच का सारखी?”

“हिच्यात एक फसवं ठिकाण आहे,” त्या म्हणाल्या. “हे ऐका.” त्यांनी चार-पाच सूर वाजवले. “इथून डावीकडे गेलं की मधला भाग लागतो. तो पुरा करून आपण परत इथेच येतो, हेच सूर, अगदी असेच. आणि ह्या दुसऱ्या वेळी उजवीकडे जायचं, शेवटाकडे. बोटांना काय कळणार, पहिली वेळ की दुसरी? पहिल्याच वेळी उजवीकडे वळलं की मधलं सगळं गेलं. घरी अधूनमधून होतं तसं.”

“म्हणजे चिखल्याच्या फाट्यासारखं,” मी म्हटलं. “दोन फाटे सारखे दिसतात.”

“तसंच. फक्त मला गाडी मागे घेता येत नाही.”

आता मला समजलं की मुंबईचा हॉल ह्या एका फाट्यावर अडकला आहे. दीड तासाचं बाकी सगळं त्यांना कठीण वाटत नव्हतं. हे एवढंच. मी त्यांना सांगितलं, जिथे वळायचं तिथे मनात एक खूण ठेवा. त्या म्हणाल्या, ठेवलेल्या आहेत, पण समोर माणसं बसली की खुणा पुसल्या जातात.

ओट्यावरून सासूबाईंनी विचारलं, “झालं का त्यांचं? माझ्या वाती झाल्या.”

माणसं आली. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आली. नरपडची, चिखल्याची, डहाणू रोडची, तलासरीहून दोन शिक्षिका आणि बाईंच्या डॉक्टर वडिलांना ओळखणारे एक म्हातारे गृहस्थ. खोली भरली, ओटा भरला. सासूबाईंनी आपल्या मंडळातल्या सहा-सात जणी आणल्या होत्या. त्या पुढे सतरंजीवर बसल्या.

“बाई गाणार नाहीत ना?” त्यातल्या एकीने विचारलं.

“नाही. नुसतं वाजवणार.”

“आणि आपण?”

“आपण गप्प बसणार,” सासूबाई म्हणाल्या. “दीड तास. जमेल का तुला?”

समई लागली, बाईंना शाल-नारळ दिला. नारळ कुठे ठेवायचा म्हणून अध्यक्ष पियानोकडे वळले, तो मी वाटेतच घेतला. बाईंनी आधीच सांगितलं होतं त्याप्रमाणे मी लोकांना सांगितलं की मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत, बाई उठून उभ्या राहिल्या की वाजवायच्या.

आणि बाई वाजवायला लागल्या.

मला संगीतातलं कळत नाही, त्यामुळे त्याचं वर्णन मी करणार नाही. मी काय पाहिलं ते सांगते. पहिली दहा मिनिटं लोक हात बघत होते. मग बरेच जण बघायचे थांबले, खाली किंवा बाहेर चिकूच्या झाडांकडे बघत बसले. मंडळातल्या एकीचा हात आपोआप मांडीवर ठेका धरायला गेला, पण ठेका हाती लागेना, तेव्हा तिने तो पदराखाली घेतला. मांडववाला दाराशी उभा होता, तो अर्ध्या तासाने खाली बसला. बाईंची पाठ एकदम ताठ होती. डाव्या पायाची टाच मात्र सारखी वर-खाली होत होती.

शेवटची छोटी चीज लागली तेव्हा मी सावध झाले. पण मला काही पकडता आलं नाही. कधी फाटा आला, कधी गेला, समजलंच नाही. सगळं छानच वाटलं. बाई उठल्या, वाकल्या, टाळ्या झाल्या, आणि त्या आतल्या खोलीत निघून गेल्या. अध्यक्षांनी आभार मानले. मी चहाचं बघायला आत गेले.

बाई कपबश्यांशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. शाल मांडीवर.

“चुकले,” त्या म्हणाल्या.

“मला नाही कळलं.”

“तिथेच चुकले. पहिल्याच वेळी उजवीकडे.” आवाजात रडणं नव्हतं. हिशेब संपल्यावर माणूस बोलतो तशा बोलत होत्या. “उद्या सकाळी हॉलवाल्यांना फोन करून नको म्हणून सांगते.”

मी काहीतरी बोलणार होते. पण बाहेर अजिबात आवाज नव्हता. कार्यक्रम संपला की चपलांचा, खुर्च्यांचा, मुलांचा गलका होतो. मी दारातून बघितलं. एकही माणूस उठला नव्हता. अध्यक्षसुद्धा आभार मानून परत आपल्या खुर्चीत बसले होते.

बाईंनी मागून विचारलं, “ते का बसलेत?”

बघितल्याबरोबर मला कारण समजलं. ही गोष्ट मी धरलीच नव्हती. “भैरवीसाठी,” मी म्हटलं. “आमच्याकडे आभार आधी होतात, मग भैरवी. भैरवी झाल्याशिवाय कोणी उठत नाही.”

“पण माझ्याकडे भैरवी नाही.”

“मी सांगते त्यांना.”

मी बाहेर जाऊन सांगितलं, “कार्यक्रम संपलेला आहे. ह्या संगीतात भैरवी नसते. चहा तयार आहे.”

लोकांनी माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. तलासरीचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, “नसते म्हणजे, मग उठायचं कशावर?”

“बेन, एक नानीशी, छोटीशी चालेल,” मांडववाला म्हणाला. “दोन मिनिटांची.”

“असं मधेच उठू नये,” सासूबाई म्हणाल्या. “दार उघडं टाकून निघून गेल्यासारखं होतं.”

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी विचारलं, “आजी, भैरवीत असतं काय?”

“आजी कसली? तुमचेही केस पांढरे आहेत. आई म्हणा हवं तर.” हशा झाला. “त्यात नवीन काही नसतं हो. निघतो म्हणून सांगायचं. पाहुणा दाराशी येऊन दोन शब्द बोलतो, तेवढंच.”

बाई दोन पावलं पुढे आल्या. मग म्हणाल्या, “मला आयत्या वेळी काही जुळवून वाजवता येत नाही. जे पाठ आहे तेच येतं. शेवटची चीज परत वाजवली तर चालेल का?”

“चालेल की,” सासूबाई म्हणाल्या. “पण ह्या खेपेला कडवं खाऊ नका.”

मला वाटलं जमीन फाटावी. बाईंचा चेहरा बघण्याची माझी हिंमत झाली नाही. इथे कोणाला कळणार नाही म्हणून तर त्या आल्या होत्या.

“तुम्हाला कळलं?” बाईंनी हळू विचारलं.

“न कळायला काय झालं? सकाळी तीनदा ऐकलं वाती वळताना. मधे एक खाली खाली उतरत जाणारं आहे, गोड आहे ते, तेच आत्ता आलं नाही. मी वाट बघत बसले.”

“आणि तुमच्या मंडळात कोणी कडवं खाल्लं तर?”

“तर सगळ्या जणी तिच्याकडे बघतात,” सासूबाई म्हणाल्या, आणि शेजारची, जिचा हात ठेका धरायला गेला होता, ती मान खाली घालून हसली. “ही गेल्या महिन्यात सबंध दोन कडवी खाऊन बसली.”

“मग काय करता?”

“करायचं काय? टाळ थोडेच थांबवतो? पुढल्या गुरुवारी ती पुरं म्हणते.”

बाई परत पियानोशी जाऊन बसल्या. आता खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की मधे एक उतार आहे आणि तो मघाशी गळला होता. मी मनात म्हटलं, ह्यापेक्षा वाईट परीक्षा मुंबईतही व्हायची नाही. सतरंजीवरच्या सगळ्या बायका पुढे सरकल्या.

त्यांनी सुरुवात केली. ते चार-पाच सूर आले. ह्या वेळी मला ते ओळखता आले, कारण मी फक्त त्यांचीच वाट बघत होते. तिथे बाई थांबल्या. फार नाही, माणूस फाट्यावर पाटी वाचायला थांबतो तेवढ्याच. मग डावा हात खाली गेला आणि ते उतरत जाणारं सुरू झालं, एकेक पायरी, थेट त्या खालच्या सुरापर्यंत, ज्याने सकाळी माझ्या कपबश्या थरथरल्या होत्या. आता थरथरल्या नाहीत. फडकी जागेवर होती.

सासूबाईंनी मान डोलावली. मागे कोणीतरी “वा” म्हणालं, आणि मला त्याला गप्प करावंसं वाटलं नाही.

ती चीज संपली आणि लोक उठले. एकदम, नेहमीसारखे, गलका करत, चपला शोधत.

चहाला बाई सासूबाईंच्या शेजारी बसल्या. हॉलवाल्यांना फोन करण्याचं त्या काही बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. त्यांनीच बऱ्याच वेळाने सासूबाईंना विचारलं, “मुंबईत परत चुकलं तर?”

“तिथे भैरवी नसते का?”

“नसते. कधी कधी लोक टाळ्या वाजवत राहतात, मग जास्तीचं काहीतरी वाजवतात. पण बहुतेक लोक घाईत असतात, लगेच उठतात.”

सासूबाईंनी बशीत चहा ओतला. “मग आम्ही येतो,” त्या म्हणाल्या. “आम्ही नाही उठणार.”

बाईंना ते गमतीने म्हटल्यासारखं वाटलं असावं. मला तसं वाटलं नाही. मी घरी आल्यावर लगेच गाडीवाल्याला फोन केला आणि मार्चमधली तारीख धरून ठेवली.

आम्ही अकरा जणी गेलो. हॉल मोठा होता, थंडगार होता, आणि पियानो काळा, आडवा, झाकण उघडलेला. आम्ही एका रांगेत बसलो. सासूबाईंनी शेवटच्या चिजेत माझा हात धरून ठेवला आणि तो उतार आला तेव्हा सोडला. आला. पुरा आला.

टाळ्या झाल्या, बाई वाकल्या आणि आत गेल्या. दिवे लागले. लोक भराभर उठले, पर्सा, मोबाइल, गाड्यांच्या किल्ल्या. आमची रांग सोडून सगळ्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. एक गणवेशवाला माणूस आमच्याजवळ आला.

“मॅडम, प्रोग्रॅम संपला.”

“माहीत आहे,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही आत जाऊन बाईंना सांगा, डहाणूचे लोक बसलेत म्हणून.”